भरलेली, पोकळ आणि सोडून द्यायची

चिंबोरीला, म्हणजे खाडीचा खेकडा पकडायला, जायचं ठरलं की मामा आधी तिथी विचारतो. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा इथला जुना हिशोब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं, मीही ते बघते, पण मामाचा हिशोब अर्ध्या तासापेक्षा जास्त चुकलेला मला आठवत नाही. आणि चिंबोरीच्या कामात अर्धा तास इकडे-तिकडे चालतो.

माझं आजोळ कुंडलिका खाडीच्या काठी, रेवदंड्यापासून आत रोह्याच्या बाजूला. लहानपणी सुट्टीत यायचे तेव्हा ताटात आलेली चिंबोरी तेवढी माहीत होती. शहरातली नोकरी सोडून इथे राहायला आले आणि मामाला म्हटलं, मला पकडण्यापासून कालवणापर्यंत सगळं शिकव. तो हो म्हणाला, पण एका अटीवर. आधी धरायला आणि बांधायला शिकायचं, मग खाडीत यायचं. ज्याला जिवंत चिंबोरी हातात धरता येत नाही त्याचा होडीत उपयोग नसतो, उलट अडचण होते.

म्हणून सुरुवात अंगणातल्या पातेल्यापासून झाली. चिंबोरीच्या पायांच्या शेवटच्या जोडीची टोकं चपटी, वल्ह्याच्या पात्यासारखी असतात, त्यावर ती पोहते. ते पाय अंगाला जिथे जोडलेले असतात तिथे मागच्या बाजूनं अंगठा वर आणि बोटं खाली घालून धरायचं. तिथपर्यंत तिची नांगी पोहोचत नाही. दोन नांग्या दिसायला सारख्या असल्या तरी कामं वेगळी असतात. एक जाड, बोथट दातांची, शिंपले आणि कालवं फोडायची. दुसरी जरा सडपातळ, कापायची. जाडीत बोट सापडलं तर हाडापर्यंत जातं, म्हणून मामा शिकवताना माझ्या हाताकडे बघायचा, चिंबोरीकडे नाही. "बाय, मागून. मागून धर," एवढंच म्हणायचा.

बांधणं जास्त अवघड. चिंबोरी जमिनीवर ठेवून पाठीवर पायाचा चवडा हलका टेकवायचा. सुतळी पुढून डोळ्यांच्या खालून घ्यायची, एक नांगी अंगाशी दुमडून तिच्यावरून वेढा, मग दुसरी, मग मागे नेऊन शेवटच्या पायांच्या मधून गाठ. सैल बांधली तर ती टोपलीत दुसरीची नांगी तोडते, आणि नांगी तुटलेल्या चिंबोरीचा भाव लगेच उतरतो. मामीचे हात हे काम न बघता करतात. माझ्या गाठी अजून तिच्यासारख्या बसत नाहीत, पण सुटत नाहीत.

अशी बांधलेली खाडीची चिंबोरी ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवली तर पाण्याबाहेर काही दिवस जगते. सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. समुद्रातली, पाठीवर तीन लाल-तपकिरी ठिपके असलेली चिंबोरी जाळ्यातून निघाली की थोड्याच वेळात मरते. ती बंदरावर वाट्यानं विकली जाते, स्वस्त असते आणि त्याच दिवशी खावी लागते. खाडीची मात्र जिवंत मुंबईला जाते, आणि मोठ्या मापाची विमानानं सिंगापूर आणि चीनकडेही जाते. मेलेली चिंबोरी कुणी फुकट दिली तरी मामी घरात घेत नाही. तिचं मांस इतर मासळीपेक्षा फार लवकर खराब होतं, त्यामुळे "आत्ताच मेली" या वाक्याला तिच्याकडे किंमत नाही.

खाडीत जाण्याच्या दोन तऱ्हा आहेत, फग आणि आकडी. आधी फगाचं सांगते, कारण मला तो जास्त आवडला.

फग म्हणजे लोखंडी सळईचं गोल कडं, त्याला खाली झोळीसारखं नायलॉनचं जाळं, आणि कड्याच्या मधोमध आडव्या बांधलेल्या दोऱ्यांवर आमिष. कड्याला तीन ठिकाणी दोऱ्या बांधून त्या वर एका गाठीत आणतात, तिथून लांब दोर आणि दोराच्या टोकाला बोया. आमच्याकडे बोया म्हणजे घट्ट झाकण लावलेली रिकामी प्लास्टिकची बाटली. आमिषाला मुशीचे तुकडे, शिंगाळ्याची डोकी किंवा कोंबडीचे पाय. ताजं आमिष कडक असतं आणि लवकर कुरतडून संपत नाही, जरा वास सुटलेलं लांबून चिंबोरी ओढून आणतं. मामा दोन्ही मिसळून बांधतो.

फगाला तो भांगात जातो, म्हणजे अष्टमी ते एकादशीच्या सुमाराला, जेव्हा भरती-ओहोटीत फार फरक नसतो आणि पाण्याला ओढ कमी असते. उधाणाच्या दिवसांत ओढ एवढी असते की फग तळावर बसत नाही, सरकत जातो. होडकं कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, कडेनं हळू नेत एकेक फग सोडत जायचं. शेवटचा टाकून झाला की वळून पहिल्याकडे यायचं आणि उचलायला लागायचं.

उचलण्यात सगळं कौशल्य आहे. दोर हातात घेऊन आधी ढिलाई अलगद काढून घ्यायची, इतकी अलगद की खाली कड्याला कळता कामा नये. दोर ताणला गेला की एकदम, न थांबता, हातावर हात टाकत ओढायचा. ओढताना मध्ये हात थबकला की चिंबोरी आमिष सोडून कडेवरून बाहेर पडते. ओढत राहिलं तर पाण्याचा दाब तिला जाळ्यात खाली दाबून ठेवतो. फग पाण्याच्या वर आला की आत काय आहे ते बघायच्या आधीच वजनावरून अंदाज येतो. रिकाम्या फगाचं पाणी झर्रकन गळतं आणि दोर हलका होतो. आत चिंबोरी असली की दोरातून हाताला एक खरखर लागते, नांगी कड्यावर आपटत असते.

आकडीचं काम उधाणाच्या सुकतीला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी लांबपर्यंत उतरतं आणि तिवरांच्या (हीही खारफुटीच) मुळांतला चिखल उघडा पडतो. त्या चिखलात गुडघाभर रुतत चालायचं, हातात लोखंडी सळई, टोकाला वाकवलेली आकडी. बिळं शेकडो असतात, त्यातलं राहतं बीळ कुठलं हे ओळखायचं. तोंड आडवं लांबट, चिंबोरीच्या पाठीच्या रुंदीचं. बाहेर ताजा ओला चिखल ढकललेला. तोंडाशी पायांच्या टोकांचे बारीक ओरखडे. तोंडावर कोळ्याचं जाळं असेल किंवा सुकी पानं साचली असतील तर वेळ घालवू नये. हात बिळात घालायचा नाही, कारण आत पाणसापही असू शकतो.

सळई तिरकी आत सरकवत न्यायची. तळाशी कवच लागलं की आवाज येतो, दगडावर लागल्यासारखा पण बोदा. मग ती सळई धरते. तिथे ओढाओढ केली तर ती पाय रोवून बसते. मामा सळई तशीच धरून थांबतो, थोडी ढिली करतो, तिची पकड बदलली की आकडी मागच्या बाजूला फिरवतो आणि एका लयीत बाहेर काढतो. काही जण कुदळीनं बीळ खणून काढतात. मामाला ते अजिबात मान्य नाही. खणलेल्या बिळात पुन्हा चिंबोरी येत नाही, तिवराची मुळं उघडी पडतात, आणि बीळ बांधाला लागून असेल तर खारं पाणी अडवणारी ती खारबंदिस्ती तिथे कमजोर होते. उधाणाला त्याच जागी खांड गेली की खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि पुढची काही वर्षं ती जमीन नीट पिकत नाही. आमच्या खाडीकाठी ज्यांची शेती बांधाच्या आत आहे त्यांना चिंबोरीचं कौतुक कमी आणि तिच्या बिळांची काळजी जास्त असते. त्यांचं चुकत नाही.

फगातल्या आणि बिळातल्या चिंबोऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या तेव्हा लक्षात आलं की त्या एक जातीच्या नाहीत. मामा दोघींनाही चिंबोरीच म्हणतो, पण भाव वेगळा सांगतो. फगात येणारी बहुतेक सायला सेराटा. ती फिरती असते, बीळ करून फारशी राहत नाही, आकारानं मोठी होते, रंग हिरवट, आणि पायांवर जाळीदार नक्षी असते. नांगीच्या मनगटावर बाहेरच्या कडेला दोन टोकदार काटे ही तिची खूण. बिळातली बहुतेक सायला ओलिव्हेशिया. ती आटोपशीर, तपकिरी, नांग्यांवर लालसर झाक, पायांवर नक्षी नाही, आणि मनगटावर काट्यांच्या जागी फार तर बोथट उंचवटा. कितीतरी वर्षं शास्त्रज्ञांमध्येही या नावांचा गोंधळ होता. १९९८ मध्ये कीनन, डेव्ही आणि मान या संशोधकांनी सायला या वंशाच्या चार जाती नीट वेगळ्या केल्या, त्यातल्या या दोन आपल्याकडे सापडतात. ते काटे बोटानं चाचपून बघायची मला आता सवयच लागली आहे.

पण जात ओळखून पोट भरत नाही. चिंबोरी भरलेली आहे की पोकळ, हा खरा प्रश्न.

चिंबोरी वाढते ती जुनं कवच टाकून. कवच मागच्या बाजूनं उकलतं आणि ती मऊ अंगानं त्यातून उलटी बाहेर सरकते, डोळ्यांचे दांडे आणि पायांच्या टोकांसकट. बाहेर आली की पाणी शोषून फुगते, म्हणजे नवं कवच मोठ्या मापाचं कडक होतं. मग त्या मोठ्या घरात मांस भरायला तिला काही आठवडे लागतात. या काळात पकडलेली चिंबोरी दिसायला झकास, स्वच्छ, आणि आत पाणी. बाजारात गिऱ्हाईक फसतं ते नेमकं इथे, कारण डोळ्याला चकचकीत चिंबोरी चांगली वाटते.

मामीनं मला उलट बघायला शिकवलं. चिंबोरी उलथी करायची. पोटाचा रंग पांढराशुभ्र असेल तर ती नुकती कवच टाकलेली. पिवळट, डागाळलेला, घासटलेला असेल तर कवच जुनं, म्हणजे आत भरायला वेळ मिळालेला. पाठीवर कुठे बारीक खडपं चिकटलेली असतील तर अजून चांगलं. मग शेवटच्या पायाच्या मुळाशी, पोटाच्या बाजूनं अंगठ्यानं दाबायचं. भरलेली अजिबात दबत नाही, पोकळ असेल तर कवच किंचित आत जातं. आणि शेवटी तळहातावर घेऊन वजन. सारख्या आकाराच्या दोन चिंबोऱ्यांच्या वजनातला फरक हाताला लगेच कळतो. "हलकी हाय, सोर तिला," मामी म्हणते, आणि मामा ती परत खाडीत टाकतो, कारण पंधरा-वीस दिवसांनी तीच दुप्पट भावाची होणार असते.

अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, हे इथे लहान पोरही सांगतं. मामाही सांगतो. पण पौर्णिमेच्या सुकतीला आकडीला लागलेली चिंबोरी तो तितक्याच विश्वासानं तळहातावर तोलून बघतो आणि जड लागली तर ठेवतो. माझाही भरवसा हातावरच आहे.

नर-मादी ओळखणं सोपं. पोटाखाली दुमडलेली झडप असते. नराची अरुंद आणि टोकदार, पूर्ण वाढलेल्या मादीची रुंद, अर्धगोल, कडेला केसाळ. कोवळ्या मादीची या दोहोंच्या मधली, त्रिकोणीच पण जरा पसरट. नराच्या नांग्या मोठ्या, त्यामुळे मांस जास्त. मादीत लाख असते, म्हणजे आत तयार होणारी अंडी. कवच उचलल्यावर दोन्ही कोपऱ्यांत दाटून बसलेली ती केशरी लाख, शिजल्यावर घट्ट आणि खमंग होणारी. खाडीकाठच्या माणसाला विचाराल तर चिंबोरी खायची ती लाखेसाठी. यावरून आमच्या घरात जो वाद आहे तो पुढे सांगते, आधी स्वयंपाकघर.

जिवंत चिंबोरीचे पाय तसेच मोडायला घेतले किंवा ती उकळत्या पाण्यात टाकली तर ती स्वतःच पाय सांध्यातून सोडून देते आणि आतलं पाणी-मांस सगळं त्या भोकांतून निघून जातं. म्हणून मामी आधी तिला बर्फात झाकून ठेवते. चांगली गारठून निपचित पडली की झडप उचलून खालच्या खोलगट जागेत टोकदार सळी घालते, एकाच झटक्यात. पूर्वी बर्फ घरात नसायचा तेव्हा नुसती सळीच होती. मला बर्फाची पद्धत पटते. तिलाही त्रास कमी, मांसालाही.

मग ब्रशनं चिखल घासून काढायचा, पायांच्या सांध्यांतलाही. नांग्या आणि पाय वेगळे करायचे. झडप मोडून टाकायची. कवट मागून उचलायची. आत दोन्ही बाजूंना राखाडी, स्पंजासारखे कल्ले असतात, ते सगळे काढायचे. डोळ्यांच्या मागे छोटी पिशवी असते, तीही काढायची, त्यात तिनं खाल्लेला चिखल असतो. पिवळसर-हिरवा मऊ गर मात्र ठेवायचा, रश्शाची अर्धी चव त्यात आहे. पेंदे, म्हणजे उरलेलं मधलं अंग, फार वेळ पाण्यात ठेवायचे नाहीत, एकदाच धुवायचे. मी सुरुवातीला विचारलं होतं की बारीक पाय टाकून द्यायचे का. मामी माझ्याकडे बघत राहिली. त्या बारीक पायांशिवाय कालवण होतच नाही.

ते पाय ती पाट्यावर ठेचते. मिक्सरमध्येही होतं, पण फार बारीक झालं तर कवचाची कणी रश्शात उतरते. ठेचलेल्या पायांत पाणी घालून कुस्करायचं, गाळणीतून गाळायचं, पुन्हा पाणी घालून पुन्हा गाळायचं. राखाडी, दुधट पाणी निघतं. दिसायला काही खास नाही. कढईत तेलावर ठेचलेला लसूण, कांदा, हळद, घरचा मसाला, मग नांग्या आणि पेंदे. नांग्यांना आधी वरवंट्याचा एक हलका ठोका दिलेला असतो म्हणजे मसाला आत शिरतो. परतताना हिरवट कवच बघता बघता केशरी-लाल होतं. तो रंग आतमध्ये आधीपासून असतो, प्रथिनाला बांधलेला, उष्णतेनं सुटा होतो. मग भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, शेवग्याच्या शेंगा, आणि ते पायांचं पाणी. हे पाणी घातल्यावर आच मंद ठेवून उकळी फुटेपर्यंत हलक्या हातानं ढवळत राहायचं. त्यात मांस असतं, ते हळूहळू आळतं आणि रश्श्याला जो दाटपणा येतो तो खोबऱ्यानं येत नाही. शेवटी कोकम, मीठ चाखून. खाडीच्या चिंबोरीत स्वतःचं मीठ असतं, म्हणून आधी मीठ घालणारा फसतो.

सणासुदीनंतर, विशेषतः मार्गशीर्ष संपला की, मामी भरलेल्या चिंबोऱ्या करते. बेसनात वाटण, मसाला, कोथिंबीर कालवून ते सारण पेंद्यावर दाबून बसवायचं, वर कवटीचं झाकण, दोऱ्यानं आडवं-उभं बांधायचं आणि रश्शात सोडायचं. सोबत तांदळाची भाकरी. हे जेवण घाईनं होत नाही. दोन्ही हात भरलेले असतात, फोन कुणी उचलत नाही, आणि पेंद्याच्या कप्प्यांतून पांढरं मांस काढून ते आधी पोरांच्या ताटात टाकलं जातं. नांगीचं मांस गोडसर आणि रेषेदार, पेंद्यातलं मऊ. माझी पसंती पेंद्याला आहे. कष्ट जास्त, पण चव तिथेच.

एकदा असंच जेवताना मामेभावानं मोबाइलवर अलास्काच्या किंग क्रॅबचं चित्रण दाखवलं. पाय पसरले तर टोकापासून टोकापर्यंत पाच फूट भरतील असे खेकडे. मामा जेवण थांबवून बघत होता. सहा-सात फुटी चौकोनी लोखंडी पिंजरे, एकेकाचं वजन अडीचशे-तीनशे किलो, आत हेरिंग आणि कॉड माशांचं आमिष. बर्फाळ समुद्रात यंत्रानं ओढून वर घेतात. मामा म्हणाला, हा फगच आहे. खरंच आहे ते. आमिष, वाट बघणं आणि उचलणं, बाकी फरक यंत्राचा आणि थंडीचा.

त्यानंतर मी त्या खेकड्यांबद्दल बरंच वाचलं. लाल, निळा आणि सोनेरी या तीन जाती तिथे बाजाराच्या. लाल सगळ्यात मोठा आणि महाग, सोनेरी जास्त खोल पाण्यात. आपल्या चिंबोरीला नांग्या धरून पायांच्या पाच जोड्या दिसतात, किंग क्रॅबच्या चारच दिसतात. शेवटची जोडी बारीक असते आणि कवचाखाली दडलेली असते, कारण तो खऱ्या खेकड्यांपेक्षा शंखात राहणाऱ्या खेकड्यांचा जवळचा नातेवाईक. खातात ते मुख्यतः त्याचे पाय, बंदरावरच उकडून गोठवलेले. मेलेला तिथेही चालत नाही, बोटीवर पाण्याच्या टाक्यांत जिवंत ठेवून किनाऱ्यावर आणतात. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात तो प्रशांत महासागरातून नेऊन बॅरेंट्स समुद्रात सोडला, आणि आता तो नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत पसरला आहे.

पण माझ्या डोक्यात बसलं ते वेगळंच. अलास्काच्या ब्रिस्टल उपसागरात लाल किंग क्रॅबचा फक्त नरच घ्यायला परवानगी आहे, आणि तोही कवच साडेसहा इंचांपेक्षा रुंद असेल तरच. मादी आली की परत पाण्यात. एवढं करूनही माद्यांची संख्या इतकी घटली की २०२१-२२ आणि २०२२-२३ असे लागोपाठ दोन हंगाम तिथली पकड पूर्ण बंद ठेवली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा उघडली.

हे वाचल्यापासून लाखेचा घास माझ्या गळ्याखाली पूर्वीसारखा उतरत नाही. आमच्या खाडीतली मादी अंडी खाडीत घालत नाही. कवच टाकून मऊ झालेली असताना नराशी तिचा संयोग होतो. त्याआधी आणि नंतरही काही दिवस नर तिला पोटाखाली धरून फिरतो. मग तिच्यात लाख भरते आणि ती खाडी सोडून समुद्राकडे जाते. तिथे अंडी झडपेखाली येतात, आधी केशरी, फुटायच्या वेळेला काळपट. एका मोठ्या मादीची अंडी दहा लाखांच्या वर सहज जातात. पिल्लं समुद्रात कितीतरी रूपं बदलून पुन्हा खाडीच्या चिखलात येतात. म्हणजे आपण ज्या लाखेसाठी मादी घेतो ती लाख समुद्राच्या वाटेवर असते. झडपेखाली बाहेर आलेली अंडी दिसली की मामा ती चिंबोरी सोडतो, समुद्रातल्या जाळ्यात आलेलीही सोडतो. पण आतली लाख बाहेरून दिसत नाही, म्हणून तिचा विचार कुणी करत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. खाडीतल्या वल्ह्याच्या होडक्याला ती बंदी लागू नाही.

शेतीचा मार्ग निघतो आहे, हे मान्य. राज्याच्या वन खात्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला, आणि २०१७ पासून कांदळवनाच्या काठच्या गावांतल्या गटांना खेकडेपालन, कालवंपालन असे व्यवसाय देण्याची योजना आहे. तमिळनाडूत केंद्र सरकारच्या राजीव गांधी जलजीव पालन केंद्राच्या उबवणीत चिंबोरीची पिल्लं तयार होतात. शिवाय पोकळ चिंबोऱ्या घेऊन त्यांना तीन-चार आठवडे खाऊ घालून भरून विकण्याचा धंदाही चांगला चालू शकतो. पण भरायला ठेवलेली चिंबोरी खाडीतूनच येते, आणि तिच्यात मादी किती याची नोंद ठेवणारं माझ्या माहितीत कुणी नाही.

मामाशी मी हे बोलले. तो ऐकून घेतो. तळहाताच्या रुंदीपेक्षा लहान चिंबोरी त्यानं कधीच घेतलेली नाही, बीळ कधी खणलेलं नाही, आणि त्याला वाटतं की खाडी जगवायला त्याच्या बाजूनं एवढं पुरे आहे. चिंबोऱ्या कमी झाल्या त्या वरून येणाऱ्या घाण पाण्यानं आणि तिवरं तोडून केलेल्या भरावानं, असं तो म्हणतो, आणि त्यात खोटं काहीच नाही. मामीचं म्हणणं आणखी सरळ. नर कितीही मोठा असो, त्याच्या रश्श्याला ती चव येत नाही. तेही खरं आहे. मी ते कालवण दोन्ही तऱ्हेनं खाल्लं आहे.

पूर्ण वाढलेली, जड, लाख भरलेली मादी सोडून द्यावी या माझ्या मतावर मी ठाम आहे. मोठ्या नरांवर हंगाम निघू शकतो, भाव त्यांनाही मिळतो, निर्यातवाल्यांना तर मोठ्या नांगीचा नर हवाच असतो. लाखेची जागा नर घेणार नाही, पण पायांचा रस जरा जास्त काढला आणि पिवळा गर वाया घालवला नाही तर नराचं कालवणही दाट आणि चवदार होतं. मामीनंच ते मला करून दाखवलं, वाद चालू असताना.

शेवटी तिघांनी मिळून ठरवलं की ज्यानं फग ओढला त्यानं त्यातल्या चिंबोरीचं काय करायचं ते ठरवायचं. कांदळाच्या कडेचे फग आता मी ओढते, खाडीच्या मधले मामा. पाहुणे यायचे असले आणि लाख हवी असली की मामी पहाटे आम्ही निघताना ओट्यावर येते आणि मला न विचारता थेट मामाला सांगते.